नवी बॅटरी टाकली, तरी सात सीटर सकाळी सुरू का होत नाही?

मराठवाड्यात लगीनसराई आणि उन्हाळा हातात हात घालून येतात. त्याच दिवसांत ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात एक तक्रार सारखी कानावर पडते: "मागच्याच महिन्यात नवी बॅटरी टाकली, आज परत धक्का मारावा लागला." गाडी बहुतेक वेळा घरची सात-आठ सीटर असते. एर्टिगा असेल, इनोव्हा असेल, नाहीतर जुनी तवेरा. एरवी चार-चार दिवस दारात उभी, आणि मग एकदम आजी-आजोबा, लेकरंबाळं, आहेराच्या पिशव्या असं सगळं भरून तुळजापूर किंवा परळी. वाटेत चहाला थांबल्यावर अशा गाडीने सेल्फ घेतला नाही, तर म्हाताऱ्या माणसांना बेचाळीस अंशांत रस्त्याच्या कडेला बसून राहावं लागतं. म्हणून हा विषय नीट समजून घेण्यासारखा आहे.

बॅटरी बसलेली असते हे खरं. पण ती का बसली, हे बऱ्याचदा कुणी तपासलेलंच नसतं. पाच-सात हजारांची नवी बॅटरी बसते, गाडी झटक्यात सुरू होते, सगळे खूश. मूळ दोष मात्र तिथेच राहतो आणि काही आठवड्यांत नव्या बॅटरीचीही तीच गत करतो.

## बॅटरीच्या आत असतं काय?

त्या डब्यात सहा कप्पे असतात, त्यांना सेल म्हणतात. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेलं गंधकाम्ल, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ॲसिड. वीज बाहेर पडते तसं प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. चार्ज केलं की ते पुन्हा मूळ रूपात जातं. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी ही रचना १८५९ मध्ये शोधली आणि ती अजून टिकून आहे, कारण क्षणभरात एवढा प्रचंड करंट इतक्या कमी पैशांत देणारं दुसरं काही सहज मिळत नाही.

एक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो, म्हणजे सहा सेलचे १२.६. आपण तिला बारा व्होल्टची बॅटरी म्हणतो खरं, पण मीटरवर नेमके १२ व्होल्ट दिसले तर ती जवळजवळ रिकामी झालेली असते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. "बारा दाखवतंय, म्हणजे बॅटरी चांगली आहे" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीतल्या पाण्याची उंची म्हणजे व्होल्ट. नळाला किती धार येते ते अँपिअर, म्हणजेच करंट. टाकीत एकूण किती पाणी मावतं ते अँपिअर-अवर. बॅटरीवर ते एएच असं छापलेलं असतं. ६० एएच म्हणजे १ अँपिअरची धार साधारण ६० तास. आणि टाकी भरणारी बोअरची मोटर म्हणजे अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री अजून डायनॅमोच म्हणतात. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो आणि गाडी चालू असताना बॅटरी भरत राहतो.

सकाळी नळाला पाणी आलं नाही तर कारणं चार असू शकतात. टाकीत गाळ साचून जागा कमी झाली असेल, मोटर पाणी चढवत नसेल, कुठेतरी गळती असेल, किंवा नळापर्यंतचा पाइप चोंदला असेल. नवी टाकी बसवून यातलं फक्त पहिलं दुखणं जातं.

## घाव उन्हाळ्याचा, बोभाटा हिवाळ्यात

बॅटरी थंडीत मरते असा समज आहे. खरा मार बसतो तो उन्हाळ्यात. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. परभणी, नांदेड, बीडकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि बॉनेटखाली तर साठ अंशांच्या पुढे सहज पोचतो. त्या उष्णतेत ॲसिडमधलं पाणी उडतं आणि प्लेटांची शिशाची जाळी आतून गंजत जाते. बाहेरून काही दिसत नाही. इंजिन गरम असताना सेल्फला जोरही कमी लागतो, म्हणून दिवाळीपर्यंत गाडी ओढली जाते.

मग डिसेंबरात परभणीचा पारा पाच अंशांच्या आसपास येतो. गारठ्यात इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली क्रिया मंदावते, आणि आधीच कमी झालेली ताकद पुरेनाशी होते. पेट्रोल गाडीचा सेल्फ सुरू होताना साधारण १०० ते २०० अँपिअर ओढतो, डिझेलचा २०० ते ४००. दोष थंडीवर जातो. पण नुकसान सहा महिन्यांपूर्वीच झालेलं असतं.

दुसरं एक नुकसान आपण स्वतः करतो: उतरलेली बॅटरी तशीच ठेवून देणं. प्लेटांवरचं लेड सल्फेट आठवड्यांत कडक होत जातं आणि मग कितीही चार्ज केलं तरी पुरतं सुटत नाही. वर म्हटलेला टाकीतला गाळ तो हाच.

## मोटर पाणी चढवते आहे का?

हे तपासायला साधं डिजिटल मल्टीमीटर पुरतं. काही शे रुपयांत इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की सात सीटर असलेल्या घरात ते असावंच.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची सकाळी, दार उघडून दिवे पेटण्याआधी शक्यतो, बॅटरी मोजा: १२.४ किंवा जास्त हवं. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि त्या क्षणी आकडा किती खाली जातो बघा. साडेनऊ-दहाच्या खाली गेला तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ जरुरीपेक्षा जास्त ओढतो आहे. गाडी सुरू झाली की तिसरं माप: १३.८ ते १४.५. मग एसी, मागचा ब्लोअर, हेडलाइट सगळं चालू करा. तरीही आकडा तेराच्या बराच वर राहिला पाहिजे. हल्लीच्या काही गाड्यांत कॉम्प्युटर अल्टरनेटरला मधूनमधून मुद्दाम सुस्त ठेवतो, त्यामुळे एकाच आकड्यावर निकाल देऊ नये. दिवे लावून, थोडा वेळ बघून ठरवावं. उलट आकडा पंधराच्या पुढे जात असेल तर तेही वाईट. बॅटरी उकळते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, डबा फुगतो. अशी बॅटरी नुसती बदलली तर नवीही उकळेल, कारण दोष रेग्युलेटरचा, म्हणजे अल्टरनेटरचा व्होल्टेज आवरणाऱ्या भागाचा असतो.

डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चित्र गाडी चालू असताना पेटलं तर त्याचा अर्थ "चार्जिंग होत नाही" असा आहे. समृद्धीवर ते पेटलं तर एसी, गाणी, नको ते सगळं बंद करा आणि जवळच्या थांब्याकडे वळा. दिवसा अर्धा-पाऊण तास गाडी साठलेल्या विजेवर चालू शकते, त्याहून जास्त भरवसा धरू नये. पण तापमानाचा काटा चढू लागला किंवा स्टिअरिंग जड झालं तर लगेच कडेला घेऊन बंद करा. पट्टा तुटलेला असू शकतो, आणि बऱ्याच गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. बॅटरीच्या नादात इंजिन जाईल.

## उभ्या गाडीत करंट कोण खातं?

नवी बॅटरी महिन्यात बसण्यामागे मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेलं कारण हे आहे. किल्ली काढली तरी गाडी पूर्ण झोपत नाही. घड्याळ, सेंट्रल लॉक, सायरन, कॉम्प्युटरची आठवण यांना थोडा करंट लागतो. तो ०.०५ अँपिअरपर्यंत असला तर चालतं. हिशेब करा: ०.०५ गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला १.२ एएच. ६० एएचची बॅटरी अर्धी व्हायला पंचवीस दिवस लागतील. आता डिकीतला ५ वॅटचा एक दिवा चुकून पेटलेला राहिला असं समजा. तो ०.४ अँपिअर खातो, दिवसाला दहा एएच. तीन दिवसांत अर्धी बॅटरी साफ. पेट्रोल गाडीला ३५-४० एएचची बॅटरी असेल तर दोन दिवसांतच.

दिव्याचं हे उदाहरण हवेतलं नाही. जालन्यातल्या एका गॅरेजमध्ये अशीच एक गाडी आली होती; वर्षात दुसरी बॅटरी, तरी तिसऱ्या दिवशी बंद. इलेक्ट्रिशियनने बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह, केबल सोडली आणि केबल व टर्मिनल यांच्या मध्ये मीटर लावलं, दहा अँपिअरच्या खाचेत. सगळी दारं लावून, गाडी लॉक करून तो अर्धा तास दुसऱ्या कामाला गेला, कारण गाडीतले कॉम्प्युटर एकेक करून झोपायला तेवढा वेळ घेतात. परत आला तेव्हा मीटरवर ०.४६ होतं. मग ड्रायव्हरच्या बाजूच्या पेटीतले फ्यूज तो एकेक करून उपसू लागला. आतल्या दिव्यांचा फ्यूज काढला आणि आकडा ०.०३ वर आला. "बॅटरी चांगलीय हो, करंट खायलंय कुणीतरी," तो म्हणाला. फ्यूज परत घातला, मोबाइलचा व्हिडिओ चालू करून फोन डिकीत ठेवला, डिकी लावली, मिनिटभराने उघडली. व्हिडिओत दिवा पूर्ण वेळ पेटलेला. डिकीच्या कुलपात धूळ आणि जुनं ग्रीस मिळून दगड झाला होता, आतला स्विच दबत नव्हता. साफ केलं, काम झालं. एकही नवा पार्ट लागला नाही.

हे घरी करणार असाल तर एक पथ्य: मीटर असं जोडलेलं असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

दिव्याखेरीज नेहमीचे गिऱ्हाईक म्हणजे बाहेरून बसवलेल्या वस्तू. मोठ्या आवाजाचा अँप्लिफायर, डॅशकॅम, ट्रॅकर, जादा फॉगलाइट. यांची वायर किल्लीबरोबर बंद होणाऱ्या लाइनवर न घेता थेट बॅटरीवर घेतलेली असली की ती रात्रंदिवस ओढत राहते. अल्टरनेटरमधला एखादा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, खराब झाला तर तोही उभ्या गाडीत बॅटरी रिकामी करतो. बिनकिल्लीच्या, बटण स्टार्ट गाडीची चावी गाडीजवळच्या खुंटीला टांगली, तर काही गाड्या तिच्या सिग्नलने सारख्या जाग्या होतात. चावी आतल्या खोलीत ठेवा.

फास्टॅगवर मात्र उगाच आळ येतो. काचेवरच्या त्या चिकटपट्टीला बॅटरीची वायरच नाही. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरींवर ती तेवढ्यापुरती चालते.

## वीज आहे, पण पोचत नाही

बॅटरी भरलेली, अल्टरनेटर चांगला, गळती नाही, तरी सेल्फ नुसता "टक्" करून गप्प बसतो. अशा वेळी आधी टर्मिनल बघा. पांढरट-हिरवट भुकटी जमली असेल तर करंट अडतो. इंजिन बंद करून आधी काळी केबल सोडा, मग लाल. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करा, आधी लाल जोडा, मग काळी, आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. टर्मिनल हाताने हलता कामा नये.

त्याहून जास्त दुर्लक्ष होतं ते अर्थिंगकडे. करंट बॅटरीतून निघतो तसा बॅटरीत परत यावा लागतो, आणि परतीची वाट म्हणजे इंजिन, बॉडी आणि त्यांना जोडणारी जाड पट्टी. ती गंजली की सेल्फ मलूल होतो, हेडलाइट मंद होतात, मीटरचे काटे वेडेवाकडे नाचतात आणि लोक अर्धी गाडी खोलून बसतात. तपासायला सोपं आहे: मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायचा. ०.३ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर अर्थिंग खराब.

आवाजावरूनही बरंच कळतं. भराभर टकटकटक म्हणजे बहुधा बॅटरी उतरली आहे. दिवे लख्ख आणि एकच "टक्" असेल तर सेल्फ किंवा जोड. दिवे लख्ख आणि आवाजच नाही, तर क्लच दाबला आहे का, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्कमध्ये आहे का, डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकतं आहे का, हे आधी बघा.

सात सीटरचं आणखी एक खास दुखणं म्हणजे डिकीकडे जाणाऱ्या वायरी. दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीत त्या दर वेळी वाकतात आणि काही वर्षांनी आतल्या आत तुटतात. मागचा वायपर, नंबर प्लेटचा दिवा, लॉक आलटून पालटून बंद पडू लागलं तर ती रबरी नळी सरकवून बघायला सांगा. धान्याच्या कोठीजवळ किंवा कडब्याच्या गंजीशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, हेही.

आणि इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. थेट बॅटरीवरून घेतलेली, मध्ये फ्यूज नसलेली वायर कधीही राहू देऊ नका. वेष्टण घासून ती बॉडीला टेकली तर बॅटरी तिच्यातून क्षणात शेकडो अँपिअर सोडते. बारीक वायर लाल होते आणि गाडी पेटते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा जादा अँपिअरचा फ्यूज घालणं हाही तोच प्रकार. मागच्या सीटवर लेकरं बसलेली असतात.

## "मग रोज दहा मिनिटं गाडी सुरू ठेवली तर?"

फारसा फायदा नाही. ज्या दोनशे अँपिअरची एवढी धास्ती असते ते फक्त दोन-तीन सेकंद लागतात. ती तूट चार-पाच मिनिटांत भरून निघते. खरी तूट असते ती उभ्या गाडीतल्या गळतीची. आठवडाभरात आठ-नऊ एएच गेले असतील तर ते भरायला तासभर तरी गाडी रस्त्यावर फिरायला हवी. जागेवर मंद चालणाऱ्या इंजिनात अल्टरनेटर पूर्ण ताकदीने फिरत नाही, आणि दोन्ही एसी ब्लोअर चालू असतील तर भरणं दूर, कधी कधी बॅटरीतूनच जातं. मांडवाबाहेर इंजिन बंद ठेवून तासभर गाणी ऐकली तर विचारायलाच नको.

## "जास्त एएचची बॅटरी टाकू का?"

ट्रेमध्ये नीट बसत असेल आणि पट्टीने आवळता येत असेल तर थोडी मोठी चालते. पण गळती असेल तर मोठी टाकीही रिकामी होणारच, दोन दिवस उशिराने. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत मात्र साधी बॅटरी चालत नाही. तिला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार बंद-चालू सोसणारी खास प्रकारचीच लागते.

## "मेंटेनन्स-फ्री आहे, मग बघायचं काय?"

पाणी कमी उडतं, उडतच नाही असं नव्हे. वरचा हिरवा डोळा सहापैकी एकाच सेलची हकिगत सांगतो. दुसरा सेल बसला असेल तर त्याला पत्ता नसतो. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांचं वाटोळं करतात. आरओचं पाणीही चालत नाही, त्यात क्षार उरतातच. आणि ॲसिड कधीच वरून ओतायचं नाही. उडालेलं असतं ते पाणी.

## "मिस्त्री चालू गाडीत टर्मिनल काढून डायनॅमो तपासतात"

जुन्या जीपमध्ये ते चालून गेलं. आजच्या गाडीत करू देऊ नका. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर उसळी मारतो आणि इंजिनाचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. तीच माहिती मीटर पाच सेकंदांत देतं.

## रस्त्यात अडकलात तर

धक्का स्टार्ट फक्त हाताच्या गिअरच्या गाडीला, आणि तेही बॅटरीत थोडा जीव उरला असेल तरच; इंधन पंप आणि कॉम्प्युटरला वीज लागते. जंपर केबल जवळ असणं बरं. लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटच्या जोडावर ठिणगी पडते, म्हणून हा खटाटोप. चांगली गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवा, मग दुसरीचा सेल्फ मारा. काढताना उलट क्रम. लाल-काळी उलटी लागली तर फ्यूज आणि डायोड एका क्षणात जातात. डबा फुगलेला किंवा तडकलेला असेल तर जंप देऊच नका.

घरी आल्यावर बॅटरी चार्जरवर सावकाश भरून घ्या: एएचच्या साधारण एक दशांश करंटवर, म्हणजे ६० एएचला ६ अँपिअर, दहा-बारा तास. "दोन तासांत करून देतो" म्हणणाऱ्याला नको सांगा.

## बदलायचीच ठरली तर

दुकानात "बॅटरी द्या" म्हणण्याआधी सकाळचं, सेल्फ मारतानाचं आणि चालू गाडीचं अशी तिन्ही मापं घ्यायला लावा, आणि उभ्या गाडीचा करंट किती ते विचारा. नवी घेताना बनवल्याची तारीख बघा. दुकानात महिनोन्‌महिने गरम जागी पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते. वॉरंटी बहुतेक दोन भागांत असते: पहिल्या काळात फुकट बदल, पुढच्या काळात नव्यावर काही सूट. कार्डावर सिरियल नंबर, तारीख आणि शिक्का तिथेच घ्या. गाडी भाड्याने चालत असेल तर ती मुदत कमी होते का, हेही आधीच विचारा. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या आणि तिची रक्कम बिलातून वजा झालेली लिहून घ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती उघड्यावर फोडणाऱ्याला देऊ नका. तिथलं ॲसिड मातीत मुरतं आणि शिशाची धूळ आसपास खेळणाऱ्या पोरांच्या अंगात जाते.